तेल लावलेली फीत

कुंडल, कार्तिक महिना

प्रिय दत्तू,

पत्राला अकरा महिने उशीर झाला, राग धरू नकोस. आधी सुचत नव्हतं, मग सुगी आली, मग वाटलं, गेलेल्या भावाला हा म्हातारा पत्र लिहितोय हे कळलं तर लोक काय म्हणतील?

मायन्यालाच अडलो. धाकट्याला चिरंजीव लिहायचं, असं चौथीत मास्तरांनी शिकवलं होतं. पलटणीच्या पत्त्यावर तुला जन्मभर तसंच लिहिलं. आता तो शब्द लिहायला हात धजेना, म्हणून प्रिय लिहिलं. चुकलं असेल तर सांभाळून घे.

पुढच्या शनिवारी तुझं वर्षश्राद्ध आहे. त्याआधी एक गोष्ट तुझ्या कानावर घालायला हवी. तुझं शेवटचं गाणं ज्या फितीत होतं, ती माझ्या हातून खराब झाली. झालं, लिहिलं एकदाचं!

आता सगळं पहिल्यापासून सांगतो. मधे काही राहिलं तर मला झोप लागणार नाही.

बांगलादेशच्या लढाईनंतर तू पेन्शनीत आलास. आम्हाला वाटलं, म्हैस घेशील, विहिरीवर मोटार बसवशील. तू उतरलास तो एका हातात मेंडोलीन आणि टपावर मुंबईत कुणाकडून घेतलेलं जुनं टेपचं मशीन. वर दोन चाकं, चाकांवर तपकिरी फीत. दोघांनी धरून ते एस.टी.वरून उतरवलं.

आणि मग माझ्या ज्वारीच्या मागे लागलास! धान्याच्या खोलीत पोती भिंतीला उभी केलीस, दारावर वाकळा टांगल्यास.

"हितं आवाज घुमत न्हाई, दादा. ह्यो माझा स्टुडिओ."

"आरं, ज्वारीला भिंतीची ओल लागंल की!"

"लागू द्या. गाणं तर ऐकंल."

"आन किडं पडलं तर?"

"त्ये बी ऐकत्याल, गड्या!"

थोरल्या भावाला गड्या म्हणतात का रे? पलटणीनं तुझी जीभ सैल केली होती. मी चार दिवस बोललो नाही. तुझ्या ते ध्यानातही आलं नसेल.

विहिरींवरच्या मोटारी चालू असल्या की गावातले दिवे मंद व्हायचे, फीत रेंगाळायची आणि तुझा आवाज रेड्यासारखा उमटायचा. म्हणून मोटारी बंद असतील त्या दुपारी तू आत जायचास. ना तबला, ना पेटी, ना मागे म्हणणारं कोणी. स्वतः जोडलेली गाणी, स्वतःच वाजवायची, स्वतःच म्हणायची. भजनी मंडळात आला असतास तर चार माणसांत बसला असतास, असं मला वाटायचं. एकट्यानं पोत्यांपुढे गाण्यात काय आहे? ते मला आजही नीटसं कळलेलं नाही.

मला काम होतं उंबऱ्यावर बसायचं. कोंबड्या, पोरं, उसाच्या गाड्या, तुझ्या वहिनीची जीभ, सगळं गप्प ठेवायचं. माझा स्वभाव तुला ठाऊक. घटकेघटकेला वाटायचं, आतलं मशीन बंद तर पडलं नसेल? मी वाकळ सारून विचारायचो, "चालू हाय न्हवं?" तू कपाळावर हात मारायचास. "आवं दादा, झालं! आता सगळं पुन्यांदा म्हणायला लागलं!"

फीत भरली की डब्यात घालून शिरवळला जायची, पलटणीतल्या तुझ्या दोस्ताकडे, बाबूरावाकडे. त्याच्याकडेही तसलंच मशीन. डब्यावर तू लिहायचास, 'ऐकून परत करणे.' आणखी दोन-तीन घरं फिरून डबा यायचा, आत चिठ्ठी, 'दुसरं गाणं फक्कड.' परक्या माणसांनी तुझं गाणं इतकं मन लावून ऐकलं. मी हाताच्या अंतरावर होतो.

शेवटचं गाणं तू गेलास त्याच्या आठ दिवस आधीचं. ते शिरवळला गेलंच नाही. तुझ्या बायकोला, हौसाबाईलाही तू ते फितीवर ऐकवलं नाहीस. पुढे तुझं छातीचं दुखणं निघालं आणि चार दिवसांत सगळं आटोपलं.

वर्षभर घरात गाणं-बजावणं नको, म्हणून मशीन झाकून ठेवलं. हौसाबाईनं तुझ्या वहिनीकरवी मला एवढंच सांगितलं, वर्षश्राद्धाला जेवणं झाली की ते गाणं लावायचं. त्याच्यावर ती वर्ष काढत होती. मी हो म्हटलं.

खंडेनवमीला सण केला नाही, पण अवजारांना हळदकुंकू लावल्याशिवाय कसं चालेल? नांगर, विळे, तुझ्या गोदावहिनीचं शिलाईचं मशीन काढलं. म्हटलं, दत्तूचंही अवजारच की. तुझं मशीन पुसलं, झेंडू वाहिला. इथवर ठीक. मग बैलांच्या चामडी पट्ट्यांना एरंडेल चोळायला बसलो. चामडं सुकलं की तडकतं. शेजारी तुझी फीत. तशीच तपकिरी, तशीच अरुंद, आणि वर्षभर हवा न लागलेली. माझ्या मनात आलं, ऐन शनिवारी तडकली तर? बोटाला तेल घेतलं आणि एक चाक उलगडून दुसऱ्यावर गुंडाळत पुऱ्या फितीला लावलं. दोन तास लागले. घाई केली नाही रे, नीट लावलं!

चार दिवसांनी पलूसच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या टपरीवर बसलो होतो. सहज त्याला सांगितलं. त्याच्या हातातली पकड तशीच राहिली. "काय केलंसा, आजोबा! ती काय म्हशीची शिंगं हाईत व्हय, त्येल लावायला?"

दिवाळी सरताच फीत फडक्यात बांधून शिरवळ गाठलं. घरी सांगितलं, धूळ पुसून आणतो. गोदा म्हणाली, "धुळीसाठी शिरवळ? आपल्या गावात फडकं मिळत न्हाई व्हय?" मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. कऱ्हाडला एक गाडी बदलली, साताऱ्याला दुसरी. डबा मांडीवरून खाली ठेवला नाही.

बाबूरावानं डबा उघडून वास घेतला आणि मोठ्यानं हसला. "दादा, फितीला मालिश केलीसा? बाळंतीण हाय का ती?" मग माझ्या तोंडाकडे बघून त्यानं मशीन पुढे ओढलं. कापसाचे बोळे घेऊन दिवसभर बसला. पहिली दोन गाणी निघाली. आवाज जाड झालाय, पण तुझाच आहे. तिसरं, तुझं शेवटचं, मशीनच्या चाकांत गुंतलं, ताणलं आणि वीतभराचे तुकडे होऊन बाहेर आलं. बाबूरावानं ते गोळा केले. "हे गेलं, दादा," एवढंच म्हणाला. निघताना त्यानं एक कोरी फीत हातात ठेवली.

परतताना एक ठरवलं. हा निरोप गोदाच्या तोंडून जाऊ द्यायचा नाही. थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीशी समोरासमोर बोलायचं नसतं. तीस वर्षांत मी तिला हाक मारली नव्हती, तिनं मला उत्तर दिलं नव्हतं. ती अंगणात जोंधळा पाखडत होती. मी गोठ्याच्या खांबाशी उभा राहिलो.

"हौसाबाई, श्येवटचं गाणं माझ्या हातनं गेलं. म्या त्येल लावलं फितीला."

तिनं पदर पुढे ओढला, सूप खाली ठेवलं. "ठावं हाय मला. नवमीलाच डब्याचं त्येल हाताला लागलं."

"मग बोलली का न्हाईस?"

"कुणासंगं बोलू, भावजी? तुमच्यासंगं बोलायचं नसतं."

आतून गोदा ओरडली, "आन मला सांगितलं तर वेशीपतूर जाईल, व्हय न्हवं गं?"

मग हौसाबाई म्हणाली, "गाणं येतंया मला. गोठ्यात धार काढताना गुणगुणायचं त्ये. पर एक ओळ सांगितली न्हाई." आणि तिनं नुसती म्हणून दाखवली,

"टरंक वाजं, यष्टी गाजं, कुंडल कवा येतंया,
दारामंदी उभं कोण, पदर कुणाचा दिसतोया..."

"ह्याच्या फुडची ओळ. कोण उभं हाय, त्ये. मी इच्यारलं तर म्हणलं, टेपात ऐक. तुमी उंबऱ्यावर हुता भावजी त्या दिशी. काय म्हणलं त्ये? तेवढं सांगा. फीत गेली तर गेली."

दत्तू, त्या दुपारी मी जागेवरच होतो. कुठली कोंबडी किती वेळा ओरडली ते सांगू शकतो. रस्त्यानं दोन गाड्या गेल्या, दुसरीचा आस कुरकुरत होता, हेही सांगतो. गाणं मी ऐकलं नाही. इतकी गाणी झाली, मी एकही धड ऐकलं नाही. आवाज होऊ नये, एवढ्याच काळजीत सगळ्या दुपारी गेल्या.

"ध्यान नव्हतं माझं," मी म्हणालो.

ती सूप उचलून आत गेली. दोन दिवस तिच्या चुलीवरचा चहा मला आला नाही. तिचं बरोबर आहे.

तिसऱ्या दिवशी ती स्वतः ओसरीच्या कडेला येऊन उभी राहिली. "ती कोरी फीत द्या. शनवारी जेवणं झाली की मीच म्हणीन मशीनात. कळ कुठली दाबायची मला ठावं हाय."

"आन ती ओळ?"

"तिथवर म्हणीन. फुडं मनानं काय घालायची न्हाई मी."

तिथं फीत नुसती फिरत राहील म्हणे. असू दे.

तेव्हा हा माझा शब्द घे. शनिवारी मी उंबऱ्यावर बसणार नाही. आत पोत्याला टेकून बसेन आणि गाणं सुरुवातीपासून ऐकेन. मशीन चालू आहे का, असं एकदाही विचारणार नाही. बाबूराव येतोय, त्याच्याकडून त्या फितीची नक्कल करून घेईन, आणि तेलाची बाटली घेऊन मी त्या खोलीत पुन्हा पाऊल टाकणार नाही.

तू एवढं कर. दारात कोण उभं होतं, ते कळव. मला नको, मी घाबरून अर्धंच ध्यानात ठेवीन. तिच्या स्वप्नात जा आणि तिलाच सांग. शुक्रवारपर्यंत कळव रे, उशीर करू नकोस.

तुझा,
दादा