मी मागाहून जेवते

प्रिय ताई,

काल तुझं वर्षश्राद्ध झालं. पान वाढलं, मावशी आली होती, शेजारचे चौघे-पाच जण जेवून गेले. मी एका कोपऱ्यात वाटीत वरणाचं पाणी घेऊन बसले होते. मावशीने माझ्या वाटीत उडदाचा वडा ठेवला आणि म्हणाली, "आज तरी तिच्या नावाने एक घास खा गं." मी खाल्ला. पंचवीस-तीस वेळा चावला, तरी तो छातीच्या मधोमध जाऊन अडकला. मग न्हाणीघरात नळ सोडून मी पंधरा मिनिटं वाकून उभी होते. तुझ्या श्राद्धाचा घास मी ओकून टाकला, ताई.

बाहेर आले तर मावशी म्हणाली, "पित्त झालं असेल." मी हो म्हटलं. तू असतीस तर काही विचारलं नसतंस, नुसता पाठीवर हात ठेवला असतास. म्हणून आज शाळेत रजा टाकली आणि लिहायला बसले. वर्षभर मनात जे म्हणतेय ते तुला एकदा नीट सांगावं म्हटलं.

तुला माझं ऑपरेशन मुळीच नको होतं. आठवतं? मुंबईच्या डॉक्टरांनी कागदावर जठराचं चित्र काढून दाखवलं. वरच्या तोंडाशी एक पट्टा बसवायचा, त्याला एक नळी, नळीचं टोक पोटाच्या कातडीखाली. त्यातून सुईने पाणी भरलं की पट्टा आवळतो, काढलं की सैल होतो. तू चित्राकडे बघत म्हणालीस, "म्हणजे पिशवीचं तोंड बांधतात तसं?" डॉक्टर हसले. तू हसली नाहीस. परत येताना एस्टीत वाशीचा पूल संपला तेव्हा म्हणालीस, "देवाने दिलेल्या पोटाला कोणी गाठ मारतं का?"

पण माझं वजन एकशे अठरा किलो होतं, ताई. मी चौतीस वर्षांची होते आणि शाळेच्या पहिल्या मजल्यावरच्या ऑफिसात चढताना मला मधल्या पायरीवर थांबावं लागायचं. पोरं मागून हळूच बाजूने निघून जायची. गुडघे गेले होते. झोपेत श्वास अडकायचा, तेव्हा तूच मला कुशीवर वळवायचीस. शेवटी तूच म्हणालीस, "कर बाई. मी आहे."

त्याच सुमाराला वरच्या मजल्यावरच्या काकू तुला म्हणाल्या होत्या, "तूच चारून चारून तिला एवढी केलीस." मी आत होते, मला ऐकू आलं. तू काय उत्तर दिलंस ते ऐकू आलं नाही. बहुतेक दिलंच नाहीस. मी तेव्हा बाहेर येऊन त्यांना का बोलले नाही? आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि तू एकोणीसची, लग्न होऊन उरणला गेलेली. तुझे यजमान गेल्यावर तू उरणहून परत आलीस ती थेट माझ्यासाठी चुलीपाशीच बसलीस. मी रडले की तू तांदळाची भाकरी करायचीस, पास झाले की जवळ्याची चटणी, बघायला आलेल्या मुलाने नकार कळवला की शिरा. तुला माया करायची दुसरी रीत माहीत नव्हती, आणि मला ती ओळखायची दुसरी रीत माहीत नव्हती. हे मी त्या काकूंना सांगायला हवं होतं.

ऑपरेशननंतरचे पहिले दोन महिने तुला सांगायला नकोत, ते तूच काढलेस. आधी नुसतं पाणी, मग ताक, मग गाळलेलं सूप, मग मिक्सरमधून काढलेला भात. लहान चमचा, आणि दोन चमच्यांमध्ये घड्याळ. जेवताना पाणी प्यायचं नाही. एक चमचा जास्त झाला की तोंडाला फेस यायचा. आणि स्वयंपाकघरात तुझी रोजची वीस डब्यांची रांग. बंदरावर आणि गॅसच्या प्लँटवर कामाला जाणाऱ्या एकट्या माणसांसाठी तू पहाटेपासून फोडण्या टाकत होतीस आणि मी पलीकडच्या खोलीत नाकाला पदर लावून बसत होते. पोट भरलेलं असायचं, पण डोकं उपाशी असायचं. ते मला कोणी सांगितलं नव्हतं, की गाठ पोटाला मारतात, डोक्याला नाही.

आणि मग तो रविवार. तू समोर बसून सुकटीचं कालवण आणि भाकरी जेवत होतीस. मी माझी वाटी घेऊन बसले होते. मी एकदम ओरडले, "माझ्यासमोर बसून जेवू नकोस. मला वासही सहन होत नाही. तुला कळत कसं नाही?"

तुझा हात भाकरीवरच राहिला. तू ताट उचललंस, आत गेलीस. भांडं झाकल्याचा आवाज आला. बाहेर येऊन तू अगदी नेहमीच्या आवाजात म्हणालीस, "तुझं होऊ दे. मी मागाहून जेवते."

त्या दिवसानंतर मी तुला जेवताना एकदाही पाहिलं नाही. ताई, हे वाक्य लिहायला मला वर्ष लागलं.

मी विचारायचे, अगदी नाही असं नाही. "जेवलीस का?" तू म्हणायचीस, "हो गं, कधीच." आणि मला तेवढं पुरायचं. कारण मी माझ्यातच होते. मी वही केली होती. सकाळी पाच चमचे, दुपारी सात, संध्याकाळी पाच, उलटी एक. दर आठवड्याचं वजन. डॉक्टर वही बघून शाबासकी द्यायचे. केस गळायला लागले, दंडाची आणि पोटाची कातडी लोंबायला लागली, तेही मी लिहून ठेवायचे. तू दर महिन्याला मशीनवर बसून माझे ब्लाउज आत घेत होतीस. तोंडात टाचण्या धरून म्हणायचीस, "आता आत घ्यायला जागाच उरली नाही, नवीन शिवू." मी आरशासमोर उभी राहायचे. तुझ्याकडे पाठ करून.

तुझेही ब्लाउज सैल झाले होते. मी पाहिलं होतं. खांद्यावरून उतरायचे. मी म्हटलं, "तूसुद्धा बारीक झालीस की." तू म्हणालीस, "तुझ्या संगतीने. बरंच झालं." खरं सांगू? मला क्षणभर हेवा वाटला. तुला पट्टा लागला नाही, सुई लागली नाही, असं माझ्या मनात आलं. तुला अकरा वर्षं मधुमेह होता, सकाळ-संध्याकाळ तू गोळी घेत होतीस, आणि मला हेवा वाटला.

डिसेंबरात एका सकाळी तू घामाने निथळत होतीस. हात थरथरत होते. मी म्हटलं, "शेगडीपाशी फार वेळ उभी राहू नकोस." एकदा तू मला आईच्या नावाने हाक मारलीस आणि मग कपाळाला हात लावून बसलीस. मी म्हटलं, "झोप पुरी होत नाही तुझी." तू गुळाचा खडा तोंडात टाकलास आणि कामाला लागलीस. त्या दिवशी मी तुझ्यासमोर बसले असते तर? फक्त दहा मिनिटं बसून म्हटलं असतं, खा, मी बघते?

तू पडलीस त्या दिवशी मी मुंबईला होते. पट्टा आवळून घ्यायला. वजन उतरायचं थोडं थांबलं होतं म्हणून मीच डॉक्टरांच्या मागे लागले होते. तुझ्या मदतीला येणाऱ्या जनाबाई भाचीच्या लग्नाला गावी गेल्या होत्या. साडेअकराला डबे पोचवणारे म्हात्रेकाका ते न्यायला आले, तर दार उघडं, शेगडी चालू, डाळ करपलेली आणि तू ओट्याखाली. त्यांनीच शेजाऱ्यांना बोलावलं, रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मी संध्याकाळी चारला आपल्या खांदा कॉलनीत शिरले तर काकू खाली उभ्याच होत्या. त्यांनी मला तशीच रिक्षात बसवलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, साखर फार खाली गेली होती, फार वेळ तशीच राहिली. मग विचारलं, "सकाळी गोळी घेतल्यावर काय खाल्लं होतं त्यांनी?"

मला माहीत नव्हतं.

"आदल्या रात्री?"

तेही माहीत नव्हतं. माझ्या पर्समध्ये माझी वही होती, ताई. त्यात माझ्या पोटात गेलेला चमचा न् चमचा होता.

तीन दिवस तू डोळे उघडले नाहीस. मी तुझ्या खाटेशी बसून होते. दुसऱ्या दिवशी काकूंनी माझ्यासाठी थर्मासमधून पेज आणली. नुकताच पट्टा आवळलेला, म्हणून पातळच चालणार होतं. मी तुझ्याकडे बघत बघत ती प्यायले आणि मनात चमचे मोजले. चार, पाच, सहा. सवयच लागली होती. सहाव्यावर भान आलं आणि मी स्वतःकडे बघितलं. मला माझी इतकी किळस कधीच आली नव्हती, एकशे अठरा किलोची होते तेव्हाही नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तू गेलीस.

लोक भेटायला यायचे. एक बाई माझ्या गळ्यात पडून रडल्या, डोळे पुसले, आणि मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "तू बाकी छान बारीक झालीस हो." मी त्यांना थँक्यू म्हटलं. तोंडातून निघून गेलं.

तेराव्याच्या दिवशी जनाबाई मोरीत भांडी घासत होत्या. हात थांबवून त्या म्हणाल्या, "नंदाताई, एक बोलू? राग नाय ना येनार?"

"बोला."

"ताई जेवायच्या नाय. आमी विचारलं का बोलायच्या, जेवले मी. पन ताट नाय, वाटी नाय, मंग कशात जेवल्या? भांडी मीच घासते ना, मला कळत नाय? चा प्यायच्या, कालवनाचा डाव चाटायच्या. डबे गेले का बोलायच्या, आता भूकच मेली."

"मला का सांगितलं नाहीत?"

"त्यांनी शप्पत घातली. बोलल्या, नंदाला सांगशील तर ती उपाशी रायची. ती जेवत नाय आनि मी काय गिळू? आनि बोलल्या, मीच तिला एवढी केली, आता मीच जरा भोगते." मग त्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "मी सांगाया पायजे होतं. माजंबी चुकलं."

मी त्यांच्याजवळ ओल्या फरशीवर बसले. त्या दिवशी मी आणि जनाबाई, दोघी पुष्कळ रडलो.

त्यानंतर मी मुंबईला जाऊन डॉक्टरांना म्हटलं, पट्टा काढून टाका. ते म्हणाले, "काढता येईल. पण त्रास होतो म्हणून काढायचाय की शिक्षा म्हणून?" मी परत आले. पट्टा आत आहे अजून. वजन एकाहत्तर. पायऱ्या मी न थांबता चढते, रात्री श्वास अडकत नाही. अडकला तरी आता कुशीवर वळवणारं कोणी नाही. हे सगळं ज्याच्यासाठी केलं ते आयुष्य मिळालंय, आणि त्यात करायचं काय ते मला कळत नाही. सकाळी उठते आणि आधी वाटतं, आज कशाला उठायचं. मग डब्यांची आठवण येते.

तुझ्यावर रागही येतो, ताई. तू मला उलट का बोलली नाहीस? "हे माझं घर आहे, मी इथेच बसून जेवणार," असं म्हणायला काय झालं होतं? एकदा भांडली असतीस तर मी दोन दिवस रुसले असते आणि तू आज असतीस. इतकं गुपचूप भोगायला तुला कोणी सांगितलं होतं? मी ओरडले, हे खरं आहे. पण तू ते इतकं खरं का मानलंस?

उत्तर येणार नाही, माहीत आहे.

आता आठच डबे जातात. जनाबाई स्वयंपाक करतात, मी दुपारच्या शाळेत जाण्याआधी भाजी चिरून देते. हात चालले की बरं वाटतं असं लोक म्हणतात. मला वाटत नाही, पण चिरते. जनाबाईंनाही आता साखर निघालीय. गेल्या महिन्यात कळलं. "औषध घेते ना, काय होत नाय," म्हणतात. परवा मी त्यांना ताट वाढून दिलं आणि समोर बसले, तर त्या अवघडल्या. म्हणाल्या, "असं बघत नको बसू नंदाताई, घास उतरत नाय माजा."

ताई, मला आनंदात राहायचं वचन देता येत नाही. माफ करून टाक असंही तुला म्हणवत नाही. एवढंच वचन देते की रोज सकाळी डबे गेले की मी जनाबाईंचं पान वाढीन, माझी वाटी घेऊन शेजारी बसेन, वास येऊ दे, काही होऊ दे, आणि शेवटची भाकरी संपवून त्या हात धुवायला उठेपर्यंत मी उठणार नाही. त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून खिडकीकडे बघत बसेन. पण बसेन.

तुझी,
नंदा