क्वार्टरबॅकच्या अंगठ्याची बातमी

बुधवार, दुपार

प्रिय वेंडेल भावोजी,

नमस्कार. तुमचा गुडघा, ग्रेटाताईचं पथ्य आणि दोन्ही कुत्री ठीक आहेत असं धरून चालतो, कारण आज विचारपूस लवकर आटपायची आहे.

ताजी बातमी अशी, की आपल्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा किकर एमेट व्होस याला खेळण्यापासून थांबवलं आहे. चौकशी अधिकारी मिसेस प्रुइट यांनी काल माझ्या सामानाच्या खोलीत येऊन हे स्वतः सांगितलं (धुतलेल्या जर्सींच्या ढिगावर बसून; त्या मी नंतर पुन्हा धुतल्या). शनिवारी आपण निदान सहा गुणांनी जिंकू असा सट्टेवाल्यांचा अंदाज होता. जिंकलो चारांनी, म्हणजे आपल्या विरुद्ध पैज लावणाऱ्यांची चांदी झाली. शेवटच्या मिनिटाला एमेटची तीन गुणांची किक खांबाबाहेर गेली, नाहीतर सात झाले असते. शिवाय सगळे चेंडू ज्याच्या हातून फेकले जातात त्या आपल्या क्वार्टरबॅकचा अंगठा मोडल्याचं गुरुवारीच बाहेर फुटलं होतं, आणि एमेट त्याच्याच खोलीत राहतो. म्हणजे बातमी त्याने विकली आणि किकही त्यानेच हुकवली, असं सगळं गाव म्हणतं. हॉटेलातली डोरीन त्याला पॅनकेकसुद्धा वाढेना.

मी रविवारीच ठरवलं होतं, छडा लावायचाच. एकतीस वर्षं मी या संघाचे बूट आणि मोजे सांभाळतोय. माणसाचं खरंखोटं मोज्यात कळतं असा माझा अनुभव आहे. एमेट उजवा बूट कुणाला हात लावू देत नाही, म्हणून सोमवारी तो जेवायला गेल्यावर मी तोच उघडला. आत घडी घातलेली चिठ्ठी! ‘तीन मागे, दोन डावीकडे.’ सट्टेवाल्यांची सांकेतिक भाषा हाती लागली म्हणून मी ती काल मिसेस प्रुइटना दिली. त्यांच्या मदतनिसाने वाचली आणि तोंडावर वही धरली. “काका, किक मारण्याआधी प्रत्येक किकर तीन पावलं मागे आणि दोन डावीकडे जातो. तुम्ही किती वर्षं आहात इथे?” एमेटला बोलावलं, तर चिठ्ठी त्याच्या शाळेतल्या प्रशिक्षकाची निघाली. एमेट एवढंच म्हणाला, “लायलकाका, तुम्हीपण?” तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही.

मग मिसेस प्रुइटनी विचारलं, अंगठ्याचं गुरुवारी कुणाकुणाला ठाऊक होतं? मी म्हटलं, प्रशिक्षक, डॉक्टर, एमेट आणि मी. दौऱ्याच्या पेट्या भरताना अंगठ्याची पट्टी मीच ठेवली. “आणि तुम्ही कुणाला सांगितलंत?” म्हटलं, छे, कुणाला सांगणार! फक्त आमच्या भावोजींना. ते दर गुरुवारी आयोवाहून फोन करतात, एकेका खेळाडूची तब्येत विचारतात, फार मायाळू माणूस. बाईंनी पेन खाली ठेवलं. भावोजी, त्या गुरुवारी तुमचा फोन दोन वाजून दहा मिनिटांनी आला होता. मोठ्या पैजा लागायला सुरुवात झाली अडीचला.

भावोजी, मी चिडलेलो नाही. वेंधळा मीच. पण एमेटचं हे शेवटचं वर्ष आहे आणि घरच्या मैदानावर एकच सामना उरलाय. ती किक वाऱ्याने गेली. मी तिथेच टॉवेल घेऊन उभा होतो. माझी नोकरी जायची तर जाईल, पण येत्या सोमवारी मी सगळं सांगणार आहे. फोन मुद्दाम करत नाही. फोनवर मी फार बोलतो, हे आता सिद्ध झालं आहे.

तुमचा मेहुणा,
लायल

ता. क. सोमवारी अकराला सुनावणी आहे. बातमी एमेटने नव्हे, तुम्ही पुढे दिलीत, हे तुमच्याच तोंडून यायला हवं. निकाल त्याच संध्याकाळी लागेल, असं मिसेस प्रुइट म्हणाल्या.

ता. क. २ येणार की नाही हे कळवायची तसदी घेऊ नका. ताईला मी चिठ्ठी पाठवली आहे, की भावोजींना साक्षीला यायचंय. ती गाडी काढेल, सकाळी सातला.

ता. क. ३ मिसेस प्रुइटकडच्या पैजांच्या यादीत तुमचं नाव आहे; तुम्ही पैज लावलीत ती आपल्याच संघाविरुद्ध, हे मात्र ताईला मी लिहिलेलं नाही. रस्ता चार तासांचा आहे. तुम्हीच सांगा.