प्रबंधातलं बेचाळिसावं नाव

नजरबाद, म्हैसूर
भाद्रपद वद्य चतुर्थी, १९७९

तीर्थस्वरूप रणोजीमामांना वनजाचा नमस्कार. मामींचे गुडघे, भीमसेनचा खोकला, येसाजीरावांची तहान, सगळं आता आटोक्यात असेल. इकडे आई बरी आहे, आणि माझं डोकं सोडलं तर मीही बरी आहे.

येत्या शनिवारी प्रबंध विद्यापीठात दिला नाही तर माझी नोंदणी रद्द होणार आणि सहा वर्षं पाण्यात जाणार. (याच प्रबंधापायी तीन स्थळं परत गेली, हे मामी मला विसरू देत नाहीत.) विषय तुम्हाला पाठच आहे: म्हैसूरच्या फौजेतले मराठे शिलेदार. शेवटी आपल्या पूर्वजांच्या पथकाची यादी जोडली आहे, तुम्ही जुन्या हजेरीपटावरून उतरवून दिलेली, एक्केचाळीस नावांची. मूळ पट उंदरांनी खाल्ला असं तुम्हीच कळवलं होतं.

आमचे टायपिस्ट तिरुमलराव एका वेळी चार प्रती काढतात, एक वरची आणि तीन कार्बनच्या. यादी टाइप होऊन आली तर नावं बेचाळीस! शेवटचं, येसाजीराव. मी चिडले. ते म्हणाले, "अय्यो, मी कशाला घालू? कागदावर होतं तेवढंच टाइप केलो, अष्टे, बस्स तेवढंच." कागदावर ते नाव नव्हतं. दुसऱ्यांदा मी भर दुपारी शेजारी बसून एकेक नाव मोजलं. वरच्या प्रतीवर एक्केचाळीस. कार्बन उचलला, तर खालच्या तिन्ही प्रतींवर बेचाळीस. तिरुमलरावांनी चष्मा पुसला, टाइपरायटरवर कापड टाकलं आणि ते घरी निघून गेले. तिसऱ्यांदा मी स्वतः बसले. एक्केचाळीस झाल्यावर हात मांडीवर ठेवले. टकटक थांबली नाही. मामा, मला खरंच भीती वाटली.

विद्यापीठातले कारकून फूटपट्टी घेऊन बसलेले असतात. डावीकडे दीड इंच समास सुटला नसेल तर प्रत परत. मी नुसती दाखवायला नेली, तर सत्तर पृष्ठांवर लाल फुल्या. त्या एका नावाचा समास मात्र बरोबर दीड इंच. (घराण्यात एवढी शिस्त कुणाला होती, सांगा पाहू.)

आईला विचारलं तर तिने आधी दार लावलं. येसाजीराव म्हणजे पणजोबांचे धाकटे भाऊ. स्वारीतून पळाले म्हणून आपल्या घरात त्यांचं नाव काढत नाहीत. माझे मार्गदर्शक कृष्णमूर्ती सर म्हणतात, मूळ कागद दाखव नाहीतर नाव काढ, त्याशिवाय प्रमाणपत्रावर सही नाही. नाव निघत नाही हे सरांना कोणत्या तोंडाने सांगू?

तुमची,
वनजा

ता.क. बिचाऱ्या उंदरांवर आळ घेऊ नका. हजेरीपट तुमच्या ट्रंकेत, मामींच्या शालूखाली आहे. (मामींनीच कळवलं.) शुक्रवारच्या आत घेऊन या. येसाजीराव पळाले असतील, पण त्याआधी चाकरीत होते ना? मग यादीत राहू देत.

ता.क. २. महालय अमावास्येला तुम्ही सगळ्या पितरांची नावं घेऊन पाणी सोडता. यंदा येसाजीरावांचंही नाव घ्या. माझं खरं मागणं हेच आहे.

ता.क. ३. पाकिटात घालण्याआधी पत्र वाचून पाहिलं. वर मामींचे गुडघे आणि भीमसेनचा खोकला मी लिहिला. त्यापुढची तहान मी लिहिलेली नाही. अक्षर माझंच आहे. खोडत नाही.