धूमकेतूनंतरची हवा

४ फेब्रुवारी

आदळला एकदाचा धूमकेतू! ग्रहाच्या पार पलीकडच्या बाजूला, तरी इथे फडताळातल्या वाट्या खणखणल्या. हवामान केंद्रात सगळे टाळ्या पिटत होते. मी दाबाच्या काट्याकडे बघत बसले — पगार त्याचाच मिळतो. काटा ढिम्म. साहेब म्हणाले, "धीर धरा हो बाई! आत्ता कुठे बर्फाची वाफ होतेय. इथवर पोचू तर द्या."

घरी सासूबाईंचा एकच प्रश्न. "आता त्याला शोधायला परत जातील का गं?" त्यांचा मुलगा हरवल्यापासून, दोन वर्षं हेच ऐकतेय.

७ फेब्रुवारी

काटा हलला.

१५ फेब्रुवारी

आकाश गढूळ. थंडी कमी झालीय — वाफेचं पांघरूणच पडलंय वर. साहेब खुशीत. "पाऊस पडणार, बाई! या ठणठणीत कोरड्या ग्रहावर पाऊस!" किती दिवस टिकेल, विचारलं. तोंड उतरलं त्यांचं. काही वर्षांत पाणी परत गोठणार म्हणे, थोडी वाफ वर निसटून जाणार. "हवा तरी जराशी दाट राहील," म्हणाले. हेही नसे थोडके.

२१ फेब्रुवारी

वस्तीत नवीनच प्रकार — आवाज! इतकी वर्षं खिडकीबाहेरचं जग मुकं होतं. विरळ हवेत बाहेर कुणी दगड फोडला तरी आत पत्ता लागायचा नाही. आता वारा भिंतीला घासतो तेही ऐकू येतं. शेजारीण घाबरून आमच्याकडे येऊन बसली. सासूबाई मात्र काचेला कान लावून. "तो हाक मारतोय."

ओरडले त्यांच्यावर. तुमचा मुलगा दुसऱ्या वस्तीत मजेत आहे, म्हटलं. माझा नवरा आहे तो, मला नका सांगू!

दोन वर्षांपूर्वी धुळीच्या वादळात गाडी घेऊन परतत होता. रेडिओ बंद पडला. लोकांनी लांबपर्यंतचा रस्ता पिंजून काढला — गाडी नाही, माणूस नाही. मग कुजबुज सुरू झाली, पळाला. मला ते पटलं. खरं म्हणजे, पटवून घेतलं. पळालेला माणूस जिवंत असतो. त्याला शिव्या तरी घालता येतात.

२४ फेब्रुवारी

आज मलाही ऐकू आलं. बारीक, लांबट. भांडी घासता घासता हात थांबले. वाराच. वाराच असणार!

सासूबाई नुसत्या बघत राहिल्या माझ्याकडे. त्याचा फार राग आला.

१ मार्च

पाऊस! आधी नुसता चिखलच पडला, काचेवरून तांबडे ओघळ. दुपारनंतर स्वच्छ. साहेब प्राणवायूचा मुखवटा लावून बाहेर गेले नि लहान पोरासारखे डबक्यात नाचले. मी हसले. कितीतरी दिवसांनी. सासूबाई म्हणाल्या, "तोही बघत असेल ना गं, तिकडे?" पहिल्यांदाच त्यांनी माझं म्हणणं उचललं. हो म्हटलं. नक्की बघत असेल.

३ मार्च

त्या वादळाने आमच्या भिंतीशी रचलेला धुळीचा डोंगर पावसाने वाहून नेला. खाली त्याची गाडी. तोंड घराकडे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सरळ दिसते.

साहेबांनी जाऊन पाहिलं. मला सांगवेना त्यांना. त्याचा हात हॉर्नवर होता.

तेव्हाच्या हवेत तो आवाज आमच्यापर्यंत आलाच नसता. आम्ही आत असणार तेव्हा. जेवत.