पंधरा अंशांचं कपाट

१२ मार्च

जेवताना पुन्हा तेच! ओस्मुंड म्हणाला, "झटपट चाचणी स्वच्छ आली ना? मग प्रयोगशाळेतली तुझी ती गुनवोरबाई माझ्या माशांची अंडी का अडवून बसलीय?"
नवरा आहे. पैदाशीचे ट्राउट मासे त्याने एकेक निवडून वाढवलेत. रोग निघाला तर सगळे मारावे लागतील. पण मी बाईंच्या हाताखाली शिकते, मला त्यांचंच पटतं. मूत्रपिंडाचा हा रोग अंड्याच्या आतूनच पिल्लांत जातो, वरून कितीही धुवा! आणि जंतू पोषक थराच्या बशीत, म्हणजे प्लेटवर, उगवायला आठवडेच्या आठवडे घेतो. ईस्टरपर्यंत थांबा, एवढंच तर त्या म्हणतात.
उठून भांडी घासली.

१९ मार्च

बाई म्हणजे बाई! दुसऱ्या फार्मवरून आलेला मेलेला मासा चिरला, मूत्रपिंडावर खसखशीएवढी पांढरी गाठ दाखवली. मी दोनदा पाहूनही हुकले होते. "दिसली म्हणजे सिद्ध झाली नाही हं," वर हेही ऐकवलं.
ओस्मुंडच्या माशांच्या नमुन्यांच्या प्लेट्सना मात्र मला हात लावू देत नाहीत. घरचं प्रकरण! रास्तच आहे.

२७ मार्च

ईस्टरच्या सुट्टीला डोंगरातल्या केबिनवर पळायच्या घाईत प्रयोगशाळेतल्या हाल्वरने दरवर्षीसारखं जंतू वाढवायचं पंधरा अंशांचं कपाट साफ केलं — ओस्मुंडच्या प्लेट्सही कचऱ्याच्या पिशवीत! नशीब, सीलबंद होत्या. बाईंनी स्वतः बाहेर काढल्या. "सुट्टी तुला आहे, जंतूंना नाही!"
आणि स्वतः गेल्याच नाहीत. अख्ख्या नॉर्वेत ईस्टरला केबिन सोडून प्रयोगशाळेत बसणारी ही एकटीच असेल. मिठी मारावीशी वाटली. त्यांना आवडत नाही, म्हणून राहिलं.

२ एप्रिल

बाई बर्फावर घसरल्या. पाय मोडला! दवाखान्यातून फोन — "प्लेट्स आता तूच बघ."
"पण ओस्मुंडच्या..."
"माहीत आहे गं. बघ आणि कळव."
इतका विश्वास! दिवसभर हवेत होते. रात्री ओस्मुंड संत्रं सोलत म्हणाला, "मंगळवारी अंडी न्यायला गाडी सांगितलीय."

४ एप्रिल

प्रयोगशाळेत मी एकटीच. तिसऱ्या प्लेटवर ठिपके. टाचणीच्या टोकाएवढे, पिवळसर, चकचकीत. रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरले — जांभळे, जोडीजोडीने. तेच जंतू.
बाईंना कळवलं. मग घरी फोन लावला.
ओस्मुंडने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "गाडी रद्द करतो. तू सकाळपासून काही खाल्लंस का?"