आपल्या गल्लीत तेजी आलेली नाही

ती. मामांना,

भाच्याचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तरी वाकलो आहे, याची नोंद घ्यावी.) तुमचे गुडघे कसे आहेत? खोकला खरंच गेला, की गेल्यासारखं करून परत आला? आम्ही इकडे ठीक आहोत. ठीक म्हणजे, धड झोप लागत नाही, दाराची बेल वाजली की मी आधी खिडकीतून डोकावून बघतो, आणि ही म्हणते की मी जेवताना आपला आपणच मान हलवत असतो. एरवी ठीक.

तुमचं पत्र मिळालं. अक्षर तुमचंच होतं, पण शेवटच्या ओळी तुमच्या चिरंजीवांनी, म्हणजे आमच्या बंधुराजांनी, शेजारी बसून सांगितल्या असाव्यात असा माझा आपला अंदाज. कारण उभ्या जन्मात तुमच्या तोंडून 'मार्केट' हा शब्द मी ऐकलेला नाही. तुमच्या भागात मोठी तेजी आली आहे म्हणे, तर आपलं घर विकलं तर काय येईल, असं तुम्ही विचारलंत. आता घर तुमचं. आम्ही त्यात नावाला भाडं देऊन राहतो, आणि तेसुद्धा तुम्ही दर वेळी 'राहू दे रे' म्हणत म्हणत घेता. तेव्हा 'विकू नका' म्हणायची माझी प्राज्ञा नाही, आणि मी ते म्हणतही नाही. मी फक्त परिस्थिती कळवतो. परिस्थिती अशी की तेजी आली आहे, पण आपल्या गल्लीत आलेली नाही. कोपऱ्यापर्यंत येते, गल्ली बघते आणि परत जाते.

पेपरात छापून येतं की इथल्या लोकांचं नशीब उघडलं. लिफ्टचा मेकॅनिक म्हणून माझा सगळा दिवस या नव्या टॉवरांतच जातो, त्यामुळे ते उघडलेलं नशीब मी अगदी जवळून बघतो. काम वाढलं, हे कबूल. (लपवून काय उपयोग, ही शेजारी बसून वाचते आहे.) पण काम वाढलं म्हणून कंपनीनं पगार वाढवला नाही, एक मेकॅनिक तेवढा कमी केला. मध्यंतरी एका टॉवरात दिवसभर शाफ्टमध्ये लोंबकळून लिफ्ट चालू केली, हात पुसले आणि तिच्यातूनच खाली यायला निघालो, तर वॉचमननं अडवलं. ही लिफ्ट रहिवाशांची, कामगारांची मागच्या बाजूला आहे, म्हणाला. मागची बंद होती. ती दुरुस्त करायला मलाच दुसऱ्या दिवशी यायचं होतं. मग जिन्यानं उतरलो, आणि प्रत्येक मजल्यावर थांबून या भागाच्या प्रगतीचा विचार केला. कंबर तेव्हापासूनच धरली आहे.

गल्लीतलं म्हणाल तर, चपला शिवणारा बसायचा तिथे आता कॉफीचं दुकान आहे. माझी चप्पल तुटलेली ती तुटलेलीच. न्हाव्याकडे आधी फोन करून वेळ घ्यावी लागते, आणि गेल्यावर तो विचारतो, कसा लूक हवा? (डोक्यावर उरलेत किती, त्यात लूक कुठून आणू?) किराणावाल्यानं काचेचं दार बसवलं; आत गेलं की गार हवेनं घाम सुकतो आणि भाव बघून पुन्हा फुटतो. आणि समोरची शिंपीणबाई, जिच्याशी हिचं सख्ख्या बहिणीसारखं होतं, ती भाडं झेपेना म्हणून इतकी लांब राहायला गेली की तिच्याकडे दिलेला माझा पायजमा आणायला दोन बस बदलाव्या लागतात. तो अजून आणलेला नाही. ही तिच्या बंद खिडकीकडे बघत बसते, मग मीही बघतो. एकदा मी आपलं सहज म्हणून एका एजंटकडे भाड्याच्या खोलीची चौकशी केली. त्यानं माझा पगार विचारला आणि मला प्यायला पाणी दिलं.

तुमचं पत्र यायच्या आधीच, खरं सांगायचं तर, माझ्या तोंडचं पाणी पळालेलं होतं. एका बिल्डरच्या विक्रीच्या ऑफिसातली लिफ्ट अडकली म्हणून गेलो होतो. तिथे काचेखाली आपला सगळा परिसर खेळण्यासारखा मांडून ठेवला आहे. ग्रुप फोटोत माणूस आधी स्वतःला शोधतो, तसं मी आपलं घर शोधायला लागलो. पाण्याची टाकी सापडली, वळण सापडलं, आणि घराच्या जागी हिरवंगार गवत, एक बाक आणि कुत्र्याला फिरवणारी प्लॅस्टिकची बाई. ती बाई नेमकी आपल्या स्वयंपाकघरात उभी होती आणि कुत्रा मोरीत. मी तिथल्या मुलीला विचारलं, इथे एक घर आहे ना? ती गोड हसून म्हणाली की पुढच्या टप्प्यात तिथे बाग होईल. मी म्हटलं, अहो, तिथे माझी बायको आत्ता भांडी घासत असेल. ती म्हणाली, वरच्या मजल्यांना व्ह्यू फार छान मिळणार आहे. लिफ्ट दुरुस्त करून मी सरळ घरी आलो. ही खरंच भांडी घासत होती, तेव्हा जिवात जीव आला.

आता बंधुराजांनी पाठवलेल्या त्या किंमत काढणाऱ्या माणसाविषयी. तो तिकडे येऊन काय काय सांगेल कोण जाणे, म्हणून आधी मीच सांगतो. तो येणार असं कळल्यावर मी घराची, कसं म्हणू, खरी बाजू पुढे आणायचं ठरवलं. ओल झाकायला लावलेलं कपाट बाजूला सरकवलं. पुढच्या खोलीतला दिवा ढिला केला. नळ जरा ठिबकता ठेवला. पण ही पडली घरात पाहुणा येणार म्हटल्यावर पदर खोचणारी. मी ओल उघडी करावी, हिनं तिच्यावर कॅलेंडर टांगावं. मी नळ ठिबकवावा, हिनं खाली बादली लावून ते पाणी कुंड्यांना घालावं. झाडं अशी तरारली की बाहेरून घर बंगल्यासारखं दिसायला लागलं. शेवटी मी नळ आणखी थोडा ढिला करायला गेलो, तो हातातच आला, आणि त्याच क्षणी बेल वाजली. अशा नखशिखांत भिजलेल्या अवस्थेत मी दार उघडलं.

पोरसवदाच होता, बूट चकचकीत. आत यायला तयारच नाही. बाहेरूनच एका छोट्या यंत्रानं कुंपणापासून कुंपणापर्यंत लाल ठिपका टाकत फिरला. मी म्हटलं, अहो, आत या, ओल तरी बघा. अक्षरशः दंडाला धरून आणला. त्यानं ओलीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"काका, ओल असू दे," तो म्हणाला. "घर आम्ही धरतच नाही. नुसती जागा धरतो."

हिनं विचारलं, धरत नाही म्हणजे? तर म्हणाला, पाडायचंच असतं ना, मावशी. वाईट नव्हता हो पोरगा. उभ्या उभ्या चहा प्यायला, छान झालाय म्हणाला.

मामा, मला इतका राग आला की काय सांगू. मी राबराबून हे घर वाईट दाखवलं, आणि चांगलं काय नि वाईट काय, त्याला ते मोजायचंच नव्हतं. मग मी त्याच्या मागे फाटकापर्यंत गेलो आणि फरशी उन्हाळ्यात किती गार राहते, मागच्या खिडकीतून वारा कसा येतो, दारं कुठल्या लाकडाची आहेत, हे सगळं ओल्या कपड्यांनी त्याला सांगत सुटलो. तो गाडीत बसला तरी मी सांगतच होतो. तेव्हा भाच्याच्या डोक्यावर परिणाम झाला आहे असं तो म्हणाला, तर त्याला काही अंशी आधार आहे.

एकंदरीत, बाजाराचं काही खरं नाही आणि घाई करू नये, असं आपलं माझं नम्र मत. बंधुराजांना आशीर्वाद सांगा (वयानं मी मोठा आहे, त्यांना आठवत नसेल). आमच्यावरचा लोभ तसाच ठेवा. त्याला अजून तरी भाव फुटलेला नाही.

तुमचा भाचा

ता. क. हिनं पत्र वाचलं आणि म्हणाली, एवढी पानं भरलीत आणि मुद्द्याचं एक अक्षर नाही. तर मुद्दा असा. मामा, तुम्ही इकडे राहायला या. पुढची खोली आम्ही रिकामी केली आहे. बंधुराजांकडे हॉलमध्ये झोपता, सगळ्यांचा टीव्ही बंद होईपर्यंत खुर्चीत पेंगत बसता, असं तुम्ही पत्रात गमतीनं लिहिलंत. आम्हाला हसू आलं नाही. मालकच आत राहायला आला तर घर पाडायला कोण धजेल, हा आमचा स्वार्थ यात आहे. तोही लिहा म्हणाली, म्हणून लिहिला.

ता. क. २. आता ही विचारते, ओल नि फुटका नळ वाचून कोण राहायला येईल? तेव्हा घराविषयी वर जे लिहिलं ते मनावर घेऊ नका. मी घाबरून लिहिलं. घर चांगलं आहे, मामा. फार चांगलं आहे.

ता. क. ३. आणि विकायचं ठरलंच असेल, तरी या. ते पाडायला येईपर्यंत तरी स्वतःच्या घरात, दार लावून झोपाल.