दोघांच्या वाट्याचे आकाश

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. (कंबर वाकत नाही, तेव्हा तो मनातल्या मनात घातला आहे असे समज.) तुझ्या खुब्याचे हाड जुळते आहे असे वहिनी फोनवर म्हणाल्या. पण "तसे बरे आहेत" म्हणाल्या, आणि त्या "तसे"पायी माझा डोळ्याला डोळा लागला नाही. दिवसभर छताकडे बघत पडून असतोस म्हणे. छताला पोपडे तर नाहीत ना, ही आणखी एक काळजी.

म्हणून ठरवले, तुझ्या छताला चिकटवायला आपल्या गच्चीवरचे आकाश पाठवावे. जावयाचा जुना कॅमेरा घरात आहे, पण त्यात चिमूटभरच आकाश येते. कॅमेऱ्याच्या दुकानदाराने जास्त आकाश मावणाऱ्या दोन वाइड अँगल लेन्स घरी नेऊन बघायला दिल्या. (लेन्सवरचा आकडा जितका लहान तितके आकाश मोठे, असा त्यांचा हिशेब आहे. आपल्याही घरात धाकट्याचाच पसारा मोठा, असे आई म्हणायची.)

पहिल्या लेन्सने तारे सुईच्या टोकासारखे आले. पण लहानपणी गच्चीवर झोपताना आपण आकाश वाटून घेतले होते, आठवते ना? टाकीच्या डावीकडचे तुझे, उजवीकडचे माझे. रात्र चढली की तुझे तारे सरकत माझ्याकडे यायचे आणि तू मला चोर म्हणायचास. तर या लेन्समध्ये माझ्या एकट्याचाच वाटा मावला. (तुझ्याकडे वळवावी तर माझा राहतो, आणि तू म्हणणार, हा रुसला.)

दुसरीत दोन्ही वाटे आले, टाकी आली, हिची वाळत घातलेली चादर आली, माझे पायही आले. पण कडेच्या ताऱ्यांना चक्क पंख फुटले. घाबरून दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "काका, स्वस्त लेन्सच्या कडेला असे होतेच, महागातली घ्या." मी मात्र त्या पंखांकडे बघतच राहिलो. वाटले, हा थवा आता हळूहळू उडत निघेल आणि पहाटेपर्यंत तुझ्या खोलीत उतरेल.

तेव्हा सुईसारखे एकट्याचे आकाश घ्यावे की पंखांचे दोघांचे, हे थोरला म्हणून तूच ठरव.

तुझा धाकटा

ता. क. पंखांची लेन्स घेऊन टाकली आहे. हिला "दादाने सांगितले" असे सांगून बसलो आहे. विचारले तर सांभाळून घे.

आणखी एक. फोटो सोबत आहे. टाकीजवळचा तो ठळक तारा सरकून माझ्याकडे यायच्या आत बटण दाबले, त्यामुळे आता तो तुझ्याकडेच राहील. मात्र वहिनींना सांग, फोटो उलटा चिकटवू नका. तसे झाले आणि तारा माझ्या बाजूला दिसला, तर या खेपेला मी चोर नाही.